आगंतुक सुधारणा

(नभोवाणीवरील भाषण)



हिंगोली, कळमनुरी, वसमत या बाजूला जुनीं माळवदाचीं घरें अजून कोठें कोठें उभीं आहेत. लांकडी तुळया, त्यांवर मातीचा जाड थर आणि सर्वांच्या वर पांढऱ्या मातीचा लेप, अशी या छपराची रचना. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं घरधनी माळवदावर नवी पांढरी माती टाकून घेई. एखाद्या वर्षीं त्यानें आळस केला तर त्याच वर्षीं तुळयांतून पाणी ठिबकूं लागे. हें काम दर वर्षाचें, थोड्या खर्चाचें, पण अगदीं आवश्यक. आतां अशी कल्पना करा कीं, माती टाकण्याकरितां बोलाविलेल्या गवंड्यानें, घरचीं माणसें निजलीं असतां, माळवदच उतरवून ठेवलें आणि सकाळीं हंसतमुखानें सांगितलें, "हें घ्या सिमेंटचें छत. हें अधिक चांगलें आहे, आणि याचे पैसेहि मी घेत नाहीं." छत खरोखरच चांगलें असेल. तरी पुढील वर्षीं तो गवंडी वळणावर दिसतांच घरधनी आंतून कडी लावून घेईल. आणि मग पांढरी माती टाकावयाचीहि राहून जाईल.

घरगुती संगणकाच्या गेल्या तीस वर्षांच्या इतिहासांत नेमका असाच प्रकार घडून आला आहे. संगणकाला चालविणारी जी मूळ व्यवस्था, जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतों, तिच्यांत दोन तऱ्हेचे फेरफार होत असतात. एक अपडेट, म्हणजे दुरुस्ती : मूळ रचना तशीच ठेवून तींत राहून गेलेलीं छिद्रें बुजविणें. दुसरा अपग्रेड, म्हणजे नवी आवृत्ति : जुनी रचना काढून तिच्या जागीं दुसरी बसविणें. पहिला पांढऱ्या मातीच्या जातीचा, दुसरा नव्या छताच्या जातीचा. या दोहोंची एकाच गांठोड्यांत बांधणी झाली तेव्हां लोकांनीं दोहोंनाहि दार बंद केलें, आणि त्याचें प्रायश्चित्त पुढें अनेकांना भोगावें लागलें. हें कसें घडलें तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे. ज्या घरांत संगणक आहे त्या घरांत 'आतां करूं कीं नंतर?' हा प्रश्न महिन्यांतून एकदां तरी पडद्यावर उमटतोच. आणि मागचा इतिहास ठाऊक नसल्यामुळें त्याचें उत्तर बहुधा घाईनें, नाहीं तर रागानें, दिलें जातें.

१९९५ च्या ऑगस्टमध्यें, १५ तारखेस, विदेश संचार निगमनें आपल्या देशांत सामान्य नागरिकांसाठीं इंटरनेट खुलें केलें. आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस अमेरिकेंत विंडोज ९५ बाजारांत आलें. त्या वेळीं हिंगोली हा स्वतंत्र जिल्हाहि नव्हता. परभणी जिल्ह्यांतून तो वेगळा निघाला १ मे १९९९ रोजीं. त्या काळीं संगणकाबरोबर जी आवृत्ति घरीं आली तीच बहुधा त्या यंत्राला जन्मभर सोबत करी. नवी हवी असेल तर तिचें खोकें विकत आणावें, तबकडी यंत्रांत घालावी आणि तासभर समोर बसून ती चढवावी. न मागतां कांहीं येत नव्हतें, आणि मागितलेलें आलें म्हणजे तें आलें हें घरांत सर्वांना ठाऊक असे.

१९९८ सालीं विंडोज ९८ बरोबर 'विंडोज अपडेट' ही सोय सुरू झाली. तींतहि पुढाकार वापरणाऱ्याचाच होता. त्यानें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संकेतस्थळावर जावें, यादी पाहावी आणि हवी ती दुरुस्ती उतरवून घ्यावी. २००० सालीं निघालेल्या विंडोज एमई या आवृत्तींत हें काम आपोआप होण्याची व्यवस्था प्रथम घालण्यांत आली. परंतु अद्याप तिला फारसें महत्त्व नव्हतें. तें महत्त्व आणून दिलें एका किड्यानें.

१६ जुलै २००३ रोजीं कंपनीनें विंडोजमधील एका धोक्याच्या छिद्रावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुष्कळांनीं ती घेतली नाहीं. त्यानंतर अवघ्या २६ दिवसांनीं, ११ ऑगस्टला, त्याच छिद्रांतून 'ब्लास्टर' नांवाचा किडा जगभरच्या संगणकांत शिरला, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत त्यांचीं यंत्रें आपोआप बंद पडून पुन्हां सुरू होऊं लागलीं. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हां छिद्र कोठें होतें हेंहि चोराला कळतें. म्हणून दुरुस्ती निघाल्यावर जो ती घेत नाहीं तो पूर्वीपेक्षांहि अधिक उघडा पडतो. या अनुभवानंतर, ऑक्टोबर २००३ पासून, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं दुरुस्त्या एकत्र देण्याचा प्रघात पडला. पुढील वर्षीं ऑगस्टमध्यें विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक निघाला. त्यानें दुरुस्त्या आपोआप घेण्याचा आग्रह प्रत्येक घरीं धरला. येथपर्यंत कंपनीचें वर्तन शहाणपणाचें होतें असेंच म्हटलें पाहिजे.

परंतु एकदां आपोआप उघडणारें दार मिळालें म्हणजे त्यांतून दुसरेंहि सामान आंत सरकविण्याचा मोह होतो. २००६ सालीं, प्रत परवान्याची आहे कीं नाहीं हें तपासणारा एक कार्यक्रम तातडीच्या दुरुस्त्यांच्या पंक्तींत बसवून पाठविण्यांत आला. त्यानें घराचें संरक्षण होत नव्हतें. होत होतें तें कंपनीच्या मिळकतीचें. तें हितहि न्याय्य असेल, परंतु त्याला दुरुस्ती हें नांव शोभणारें नव्हतें. २००७ च्या सप्टेंबरांत असें उघडकीस आलें कीं, ज्यांनीं 'आधीं मला विचारा' अशी सूचना देऊन ठेवली होती त्यांच्याहि यंत्रांत अपडेटच्या व्यवस्थेनें स्वतःच्या कांहीं फायली न विचारतां बदलल्या होत्या. फेरफार किरकोळ होता, आणि दुरुस्त्या घेण्याची व्यवस्था चालू राहण्यासाठीं तो अवश्य होता, असा खुलासा कंपनीनें केला. खुलासा खराहि असेल. परंतु विचारल्यावांचून आंत येतां येतें हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

आतां आपल्याकडची परिस्थिति पाहूं. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएससीआयटी या अभ्यासक्रमामुळें शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांच्या हातीं माऊस आला, आणि हळूहळू मध्यम स्थितींतील घरांतून संगणकहि दिसूं लागला. तो बहुधा सुटे भाग जोडून तयार केलेला असे, आणि त्यांतील विंडोजची प्रत पुष्कळदां विनापरवाना असे. अशा प्रतीवर परवाना तपासणारा कार्यक्रम येऊन बसला म्हणजे पडद्यावर सूचना झळकूं लागत. २००८ पासून तर एक्सपीच्या तशा प्रतींची पार्श्वभूमि तासातासाला काळी होऊं लागली. यावर जोडणाऱ्या कारागिरानें काढलेली तोड अगदीं सोपी होती : अपडेट मुळांतच बंद करून ठेवावें. अशा रीतीनें परवान्याच्या भीतीनें दुरुस्तीलाच बंदी झाली, आणि 'अपडेट म्हणजे विघ्न' ही समजूत संगणकाच्या पहिल्या धड्याबरोबरच घरोघर रुजली.

दुसरें कारण विजेचें. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यांत तासन् तास वीज नसे. दुरुस्ती चढत असतां 'संगणक बंद करूं नका' असा मजकूर पडद्यावर असतो. परंतु हा उपदेश वीजमंडळाच्या तारांना ऐकूं जात नाहीं. अर्ध्यावर वीज गेली आणि यंत्र पुन्हां उठलेंच नाहीं, हा अनुभव ज्याच्या पदरीं एकदां आला तो पुढें दुरुस्तीच्या वाटेला सहसा जात नसे.

तिसरें कारण मराठी अक्षरांचें. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं मराठी मजकूर श्रीलिपि, आयएसएम अशा सोयींनीं आणि त्यांच्या त्यांच्या विशिष्ट टंकांनीं जुळविला जाई. त्या टंकाशिवाय तीच फाइल उघडली तर मराठीच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांग दिसे. पेजमेकर या मांडणीच्या साधनाची शेवटची आवृत्ति, सातवी, २००१ सालीं निघाली. तरी लग्नपत्रिका, हस्तपत्रकें आणि लहान साप्ताहिकें छापणाऱ्यांचा संसार त्यानंतरहि कित्येक वर्षें तिच्यावरच चालला. अशा साधनांना नवी विंडोज मानवत नसे. कांहींना चालण्यासाठीं यंत्रामागें एक लहानसें कुलूप खोंचावें लागे, आणि तें ओळखणारी योजना जुन्याच आवृत्तीसाठीं लिहिलेली असे. कांहीं कार्यक्रम तर सोळा बिटांच्या काळांतले, जे चौसष्ट बिटांच्या विंडोजवर मुळींच चालत नाहींत. या लोकांनीं नवी आवृत्ति नाकारली ती जुनाटपणाच्या प्रेमानें नव्हे. नव्या छताखालीं त्यांचा जुना माग मावत नव्हता.

अशी सर्व पार्श्वभूमि असतां २०१५ साल उजाडलें. २९ जुलै २०१५ रोजीं विंडोज १० प्रसिद्ध झालें, आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना तें एक वर्षपर्यंत विनामूल्य देण्याचें कंपनीनें जाहीर केलें. फुकट वस्तूविषयीं तक्रार कशाला, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. तक्रार वस्तूविषयीं नव्हती. ती आणून टाकण्याच्या रीतीविषयीं होती. प्रसिद्धीपूर्वींच एका साध्या दिसणाऱ्या दुरुस्तीच्या रूपानें, केबी ३०३५५८३ या क्रमांकाखालीं, एक जाहिरातीचा कार्यक्रम जुन्या यंत्रांत उतरविण्यांत आला होता. जूनच्या आरंभीं तो पडद्याच्या कोपऱ्यांत विंडोजचें चिन्ह होऊन बसला. पुढें, कोणीं होकार दिलेला नसतांहि, नव्या आवृत्तीच्या फायली कित्येकांच्या डिस्कवर उतरूं लागल्या. फेब्रुवारी २०१६ मध्यें ही नवी आवृत्ति 'शिफारस केलेल्या' दुरुस्त्यांच्या यादींत घालण्यांत आली. म्हणजे ज्यांनीं विश्वासानें शिफारसी आपोआप घेण्याचें मान्य केलें होतें त्यांच्याकडे ती आपोआपच निघाली. आणि मे महिन्यांत तर कळस झाला. खिडकीच्या कोपऱ्यांतील तांबडी फुली दाबणें म्हणजे 'नको' म्हणणें, असें वीस वर्षें लोकांना शिकविलें गेलें होतें; या वेळीं ती फुली दाबली तरी ठरलेली वेळ कायम राही, आणि त्या वेळीं यंत्र बदलावयास लागे. नकार हाच होकार धरला गेला!

या फायलींचा भार तीन ते सहा गिगाबाइट असे. आज हा आंकडा कोणास मोठा वाटणार नाहीं. परंतु सेकंदास ५१२ किलोबिट या वेगानें तीन गिगाबाइट उतरावयास सुमारें तेरा तास लागतात. आणि ज्याच्या घरीं डोंगलवर मोजून मापून डेटा येत असे त्याच्या महिन्याच्या सबंध शिध्यावर एका रात्रींत हात पडत असे. कालक्रमहि पाहण्यासारखा आहे. विनामूल्य देणगीची मुदत संपली २९ जुलै २०१६ रोजीं. आणि ज्या जिओच्या सेवेनें देशांत डेटा स्वस्त केला ती सुरू झाली त्यानंतर पांच आठवड्यांनीं, ५ सप्टेंबर २०१६ रोजीं. म्हणजे ही सारी लयलूट आपल्याकडे डेटा महाग असतांनाच होऊन गेली. औंढ्याच्या किंवा सेनगांवच्या बाजूला एखाद्या विद्यार्थ्यानें परीक्षेचा अर्ज भरण्यासाठीं राखून ठेवलेला डेटा त्याच्या घरांतील यंत्रानेंच, त्याला न विचारतां, संपवून टाकावा, असें करण्याचा अधिकार त्या यंत्राला कोणीं दिला होता?

लोकांनीं प्रतिकार केला, आणि त्याचा इतिहास मनोरंजक आहे. जोश मेफील्ड नांवाच्या अमेरिकन कार्यक्रमकारानें २०१५ मध्येंच त्या आगंतुक चिन्हाला हांकून लावणारें एक साधन तयार करून विनामूल्य वांटलें. मार्च २०१६ मध्यें स्टीव्ह गिब्सन यानें 'नेव्हर टेन' नांवाचें दुसरें साधन प्रसिद्ध केलें. या दुसऱ्या साधनाची खुबी अशी कीं, तें नवी कोणतीच युक्ति करीत नव्हतें. नवी आवृत्ति अडविण्याची कळ कंपनीनेंच विंडोजमध्यें ठेवलेली होती आणि तिचें वर्णनहि प्रसिद्ध केलेलें होतें. परंतु ती कार्यालयांच्या व्यवस्थापकांकरितां म्हणून, सामान्य माणसाच्या नजरेस न पडेल अशा जागीं होती. गिब्सननें ती कळ एका बटणावर आणून ठेवली, एवढेंच. दाराला कडी होती. घरधन्यालाच ती दाखविलेली नव्हती.

कॅलिफोर्नियांतील एका प्रवास-व्यवसाय करणाऱ्या बाईनें, आपलें कामाचें यंत्र न मागितलेल्या आवृत्तीमुळें निकामी झालें म्हणून, लहान दाव्यांच्या न्यायालयांत फिर्याद केली आणि दहा हजार डॉलर मिळविले. कंपनीनें वरच्या न्यायालयांत जाण्याचा बेत सोडून दिला. जून २०१६ च्या अखेरीस नकाराचें स्पष्ट बटण देण्याचें कंपनीनें कबूल केलें. आणि त्या वर्षींच्या डिसेंबरांत तिच्या विपणन-प्रमुखानें, तांबड्या फुलीच्या बाबतींत आपण मर्यादा ओलांडली, अशी जाहीर कबुली दिली. जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या ग्राहक-संस्थेनें न्यायालयांत धरलेल्या चिकाटीमुळें, संमतीवांचून नव्या आवृत्तीच्या फायली कोणाच्याहि डिस्कवर उतरविणार नाहीं, असें वचनहि २०१७ मध्यें कंपनीनें दिलें.

येथें ही कथा संपली असती तर तिला न्यायाचा विजय म्हणतां आलें असतें. परंतु सर्वांजवळ मेफील्ड किंवा गिब्सन यांचीं साधनें नव्हतीं. पुष्कळांनीं सरळ अपडेटची सबंध व्यवस्थाच बंद करून टाकली, आणि पुढेंहि ती बंदच ठेवली.

१४ मार्च २०१७ रोजीं कंपनीनें एका मोठ्या छिद्रावर दुरुस्ती दिली. ५९ दिवसांनीं, १२ मे रोजीं, त्याच छिद्रांतून 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर किडा बाहेर पडला. ज्या यंत्रांत तो शिरे त्यांतील सर्व फायलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठीं पैसे मागे. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचीं कामें त्यानें थांबविलीं. आंध्र प्रदेशांत पोलिसांच्या संगणकांतहि तो शिरला. बहुतेक बळी विंडोज ७ चे होते, म्हणजे दुरुस्ती उपलब्ध असून ती न घेतलेले. ज्या एक्सपीला २०१४ च्या एप्रिलपासून दुरुस्त्या देणें बंद झालें होतें तिच्यासाठींहि कंपनीनें त्या प्रसंगीं खास दुरुस्ती काढली. यांत कामाच्या गर्दीमुळें मागें राहिलेलीं कार्यालयें पुष्कळ होतीं. परंतु गवंड्याच्या रागानें पांढरी माती टाकावयाचें सोडून दिलेलीं घरेंहि त्यांच्याच पंक्तीला बसलीं होतीं.

याच्या उलट बाजूचा धडा सात आठवड्यांतच मिळाला, आणि तो महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळाला. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' हा दुसरा किडा युक्रेन देशांतून पसरला. तो कोणत्या वाटेनें आला? त्या देशांत हिशेबासाठीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका कार्यक्रमाच्या अपडेटमधूनच! ज्यांनीं आज्ञाधारकपणें दुरुस्ती घेतली त्यांच्याच घरांत विष गेलें. तेथून तो मर्स्क या जहाज-कंपनीच्या जाळ्यांत शिरला, आणि उरणजवळच्या न्हावा-शेव्याच्या बंदरांतील तिच्या समूहाकडे असलेल्या गेटवे टर्मिनल्सचें काम ठप्प झालें. न्हावा-शेवा हें देशांतील पेट्यांच्या व्यापाराचें एक प्रमुख बंदर. तेथें एका टर्मिनलवर यारी थांबली म्हणजे तिचा परिणाम घाटावरच्या मालापर्यंत पोंचतो. कोठें युक्रेनमधील हिशेबनिसाचा संगणक आणि कोठें उरणची खाडी. परंतु एका विश्वासाच्या दोरीनें दोन्ही बांधलेलीं होतीं.

या दोन घटना एकमेकींशेजारीं ठेवल्या म्हणजे दोन्ही टोकांचीं मतें लंगडीं पडतात. 'अपडेट कधींच घेऊं नये' हें वॉनाक्रायनें खोटें ठरविलें. 'येईल तें डोळे मिटून घ्यावें' हें नॉटपेट्यानें खोटें ठरविलें. पुढें याची पुनरुक्तिहि झाली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्यें आलेल्या विंडोज १० च्या मोठ्या आवृत्तीनें कांहीं लोकांच्या घरगुती फायलीच पुसून टाकल्या, आणि तिचें वांटप कांहीं दिवसांतच थांबवावें लागलें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या संरक्षक कार्यक्रमाच्या एका सदोष अपडेटनें जगांतील सुमारें ८५ लक्ष विंडोज यंत्रें एकदम निळ्या पडद्यावर आणून ठेवलीं. आपल्याकडील विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्यांत आले. तो अपडेट विंडोजच्या कर्त्यांचा नव्हता, आणि त्याचा तडाखा बसला तो कार्यालयांना, घरांना नव्हे. तथापि सर्वांना एकाच क्षणीं बदलण्यांत केवढें संकट असतें, हें त्यावरून सर्वांनीं पाहिलें.

कंपनीची बाजूहि विसरूं नये. शंभर घरांत शंभर आवृत्त्या असल्या तर प्रत्येकीसाठीं वेगळी दुरुस्ती कोण करीत बसणार? शिवाय ज्याच्यावर सोडावें तो वर्षानुवर्षें 'नंतर' म्हणत राहतो, आणि त्याच्या घरांत शिरलेला किडा शेजाऱ्याच्याहि घरीं जातो. म्हणून सक्तीचा विचार त्यांना सुचला. चूक झाली ती दुरुस्ती आणि नवी आवृत्ति यांतील भेद पुसून टाकण्यांत. हा भेद राखणें अशक्य होतें असेंहि नाहीं. लिनक्सच्या कुळांतील डेबियन, तसेंच उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या, यांत तो आरंभापासून राखलेला आहे. उबंटूची अशी आवृत्ति दर दोन वर्षांनीं निघते, तिला पांच वर्षें दुरुस्त्या मिळतात, आणि पुढच्या आवृत्तीकडे जावयाचें कीं नाहीं हें वापरणाऱ्यास विचारलें जातें. मायक्रोसॉफ्टलाहि अखेर याच वाटेवर यावें लागलें. एप्रिल २०१९ मध्यें तिनें जाहीर केलें कीं, यापुढें मोठी आवृत्ति वापरणाऱ्यानें स्वतः बटण दाबल्यावर उतरेल, आणि घरगुती आवृत्तींतहि दुरुस्त्या ३५ दिवसांपर्यंत थांबवितां येतील. मात्र चालू आवृत्तीची मुदत संपत आली म्हणजे पुढची आपोआप येतेच, हें ध्यानांत ठेवावें.

मग आज घरांत काय करावें? सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर थांबविण्याची कळ आहे. परीक्षेचा आठवडा, हिशेबाची अखेर किंवा वीज भरंवशाची नसण्याचे दिवस असतील तेव्हां ती खुशाल वापरावी. कामाचे तास कोणते हेंहि तेथें नमूद करतां येतें, म्हणजे त्या वेळांत यंत्र स्वतः होऊन पुन्हां सुरू होत नाहीं. डेटा मोजका असेल तर जोडणीला 'मीटर्ड' असें ठरवून द्यावें. मग मोठ्या फायली बहुतांशीं न विचारतां उतरत नाहींत. तारेच्या जोडणीवर ही सोय २०१७ पूर्वीं नव्हती, आतां आहे. प्रो आवृत्ति असेल तर अमुक आवृत्तीवरच राहावयाचें असें धोरण लावून केवळ तिच्याच दुरुस्त्या घेतां येतात. परंतु ब्लास्टरचे २६ दिवस येथें आठवावेत. ३५ दिवसांची सवलत ही पुरती भोगण्यासाठीं नाहीं. दुरुस्तीला आठवडा-दोन आठवडे थांबविणें हा सावधपणा, आणि महिना उलटूं देणें हा निष्काळजीपणा. नव्या आवृत्तीला मात्र चार-सहा महिने ताटकळत ठेवलें तरी, जोंवर जुनीला दुरुस्त्या मिळत आहेत तोंवर, बिघडत नाहीं. आणि दोन्हींच्या आधीं घरचे फोटो, दाखले, सातबाऱ्याचे उतारे यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवावी. छापखान्यांतील एखादें जुनें यंत्र जुन्याच व्यवस्थेवर चालविणें भाग असेल, तर त्याला इंटरनेटची तार जोडूं नये. त्याच्यापुरतें तें ब्रह्मचर्यच बरें.

हा प्रश्न अजून मिटलेला नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० च्या नेहमींच्या दुरुस्त्या बंद झाल्या. कांहीं अटींवर घरगुती यंत्रांना जादा मुदतहि देण्यांत आली. विंडोज ११ साठीं मात्र टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. चांगलीं धडधाकट असलेलीं असंख्य यंत्रें त्या कसोटीस उतरत नाहींत. २०१६ सालीं नको असलेली आवृत्ति ज्यांच्या दारांत येऊन बसली होती, त्यांपैकीं अनेकांना आतां हवी असली तरी आवृत्ति मिळत नाहीं. दोन्ही वेळां प्रश्न एकच उभा राहतो. पैसे मोजून घरांत आणलेल्या यंत्राचा धनी कोण?

माझ्या मतें याचें उत्तर कोणत्याहि न्यायालयापेक्षां घरांतच अधिक लवकर मिळण्यासारखें आहे. धनी तोच, जो आपल्या माळवदाची दर वर्षीं स्वतः पाहणी करतो. जो पाहणी करतो त्याला पांढरी माती केव्हां टाकावयाची तें कळतें, आणि नवें छत घालण्याची घाई आहे कीं नाहीं हेंहि कळतें; गवंडी त्याला फसवूं शकत नाहीं, आणि त्याला गवंड्याची भीतीहि वाटत नाहीं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतर केव्हां तरी आपल्या पडद्यावर तो प्रश्न पुन्हां उमटेल. त्या वेळीं चटकन् फुली दाबण्यापूर्वीं आलेली वस्तु माती आहे कीं छत आहे, एवढें वाचून पाहावें. माती असेल तर घ्यावी. छत असेल तर त्याला दारांतच उभें करून, आपल्या सोयीचा दिवस सांगावा.